कड्याखालच्या वळणावरची झेन्झी

उन्हाने नाक सोललेला तो हॉलंडचा उंचाडा सायकलवाला सरबताचा पेला एका दमात रिकामा करून मिशा पुसत म्हणाला, "किती झाले, आजी?"

"पैसे नकोत. एक 'आमच्या बापा' म्हण."

त्याला वाटलं, आपल्याला नीट कळलं नाही. त्याने बायकोकडे बघितलं. ती सायकल कड्याला टेकवून तळ्याचे फोटो काढत होती.

"आजी, माझा देवावर विश्वास नाही."

"मी ते विचारलं का? तोंड आहे ना तुला?"

"तोंड आहे, पण ती प्रार्थना येत नाही."

"तुझ्या आजीला येत होती?"

"तिला येत असणार."

"मग तिच्या वाटची म्हण. मी सांगते, माझ्या मागून म्हण. आणि डोक्यावरचं ते काढ आधी. देवासमोर असा कोंबड्यासारखा तुरा घालून उभा राहतोस होय?"

त्याने मुकाट्याने हेल्मेट काढून हँडलला अडकवलं. झेन्झी एक एक ओळ सांगत गेली आणि तो शाळेतल्या पोरासारखा मागून म्हणत गेला. 'रोजची भाकर आम्हाला दे' या ओळीपर्यंत सगळं सुरळीत चाललं. पुढे 'जसे आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो' आलं, तशी त्याची नजर तिच्या मागे उभ्या फळीवरच्या चित्राकडे गेली. चित्रात गुडघे टेकलेला एक मुलगा, त्याच्याशेजारी सायकल, आणि कोपऱ्यात लाकडं लादलेल्या ट्रकचं तोंड.

"तुम्ही केलीत?" त्याने हळूच विचारलं. "त्या ट्रकवाल्याला?"

"तू तुझं म्हण," झेन्झी म्हणाली. "माझं मी बघते."

उंटरवांडच्या तळ्याला सायकलने फेरी मारलेला माणूस आणि झेन्झीच्या हाती सापडला नाही, असं फार क्वचित झालं असेल. मे महिन्यात वाट उघडली की ती चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून होलुंडरच्या फुलांच्या सरबताची सुरई टोपलीत ठेवायची, जपमाळ खिशात टाकायची आणि गावापासून त्या वळणापर्यंत चालत जायची. एका बाजूला सरळ उभा कडा, दुसऱ्या बाजूला हिरवं पाणी, मधे ती अरुंद वाट. वळणावर चढ लागतो, त्यामुळे लांब पल्ल्याचे सायकलवाले, ज्यांच्या चाकांच्या दोन्ही अंगांना भरलेल्या पिशव्या लटकलेल्या असतात, ते तिथे दम खायला थांबतातच. थांबले की समोर बाक, बाकावर म्हातारी, आणि म्हातारीच्या मागे ती फळी:

'वाटसरा, थांब क्षणभर.
घरी निघालेला रूपर्ट इथे पडला, वय वर्षे एकोणीस.
निरोप घ्यायला त्याला वेळ मिळाला नाही.
त्याच्यासाठी एक "आमच्या बापा" म्हण आणि सुखरूप पुढे जा.'

अशा फळ्या, आमच्या बोलीत मार्टर्ल, आमच्याकडे जागोजागी आहेत. कुणी झाड पाडताना गेलेला, कुणी हिमकड्याखाली, कुणावर कुरणात वीज पडलेली. अंथरुणात मरणाऱ्याला फादर येऊन पवित्र तेल लावतात, त्याची कबुली ऐकतात, तो मोकळा होऊन जातो. रस्त्यात मरणाऱ्याचं काय? त्याचं ओझं त्याच्याबरोबरच जातं. स्वर्गाच्या अलीकडे, शुद्धिस्थानात, तो ते उचलून बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या प्रार्थनेने ते तोळ्यातोळ्याने हलकं होतं. म्हणून फळी रस्त्यालाच हवी, आणि जिथे जीव गेला तिथेच हवी.

रूपर्टला घरात बेर्टल म्हणत. सुताराकडे शिकायला होता. पलीकडच्या गावातून रोज सायकलने यायचा, केसांत भुसा घेऊन, आणि दारातूनच ओरडायचा, "आई, क्नोडल आहेत का उकडायला? की मी सासुरवाडी बघू?" क्नोडल म्हणजे आमच्याकडचे ब्रेडचे उकडलेले गोळे. त्याला सासुरवाडी नव्हती, मुलगीसुद्धा नव्हती, पण रोज तोच विनोद. झेन्झी रोज म्हणायची, "बघ बाबा, तिथे तरी तुझा भुसा खपतो का." त्या वेळी तळ्याच्या या काठाला तेवढा एकच रस्ता. मोटारी, ट्रक, बस, सगळं त्याच अरुंद पट्टीवरून जायचं. दाट धुकं धरलेली ऑक्टोबरची संध्याकाळ होती. लाकडाचा ट्रक वळणावर आला आणि त्याला मुलगा दिसला नाही. फादर तेलाची कुपी घेऊन धावत गेले, पण पोचेपर्यंत अंग गार पडलं होतं.

त्यातून एक गोष्ट झेन्झीला एकटीला माहीत होती. त्या वर्षी ईस्टरला बेर्टलने फादरपुढे करायचं पापनिवेदन चुकवलं होतं. "पुढच्या शनिवारी जातो गं," म्हणाला होता. कसलं पाप असणार त्या पोराचं? पण काहीतरी असेलच की. तिला ते माहीत नव्हतं, आणि माहीत नाही म्हणूनच ते तिच्या मनात वाढत गेलं.

फळी तिच्या नवऱ्याने केली. क्विरिन अबोल माणूस. लार्च झाडाचं लाकूड, वर लाकडी कौलांचं इवलंसं छप्पर. गावातल्या रंगाऱ्याने चित्र काढलं. सायकल वाकडी, चाक पिळवटलेलं, जसं झालं तसं काढावं ही रीत. झेन्झीने ते बघितलं आणि म्हणाली, "सायकल सरळ कर." रंगाऱ्याने सरळ केली. म्हणून त्या चित्रात बेर्टल गुडघे टेकून बसलाय आणि सायकल कुणी न धरता त्याच्याशेजारी आपली आपण उभी आहे.

फळी उभी राहिली, पण थांबणार कोण? त्या रस्त्यावर मोटारी होत्या. काचा वर करून लोक जात. कुणी वाचेपर्यंत वळण मागे पडलेलं असे. पावसाळी दिवसांत चाकांखालचा चिखल उडून बेर्टलच्या तोंडावर बसायचा. झेन्झी जीव मुठीत धरून कड्याला चिकटून चालत जायची आणि कमरेच्या एप्रनने चित्र पुसून यायची. ती स्वतः म्हणत होतीच की प्रार्थना, सकाळ संध्याकाळ. पण तिची आई सांगायची, ते तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं: आईची प्रार्थना म्हणजे घरचं जेवण. पोट भरतं, पण त्याला दान म्हणत नाहीत. परक्याने हातचं काम थांबवून दिलं, तेच दान.

फादर लेओनहार्ड तिला समजावत. "झेन्झी, देव काय तराजू घेऊन बसलाय का?"

"तुम्ही दर नोव्हेंबरात मेलेल्यांसाठी मिस्सा करता, त्या मोजूनच की, फादर."

फादर करत होतेच मोजून.

मग डोंगराच्या पोटातून बोगदा निघाला. एका वसंतात सगळ्या मोटारी आत गडप झाल्या आणि काठचा रस्ता सायकलींसाठी मोकळा सुटला. पहिल्या दिवशी झेन्झी वळणावर गेली, तर पाणी दगडांवर चुबुकचुबुक करत होतं ते ऐकू आलं. इतकी वर्षं ते कधी ऐकू आलंच नव्हतं. पोरंटोरं हात सोडून सायकली चालवत होती. क्विरिन तिच्याबरोबर आला होता. तो मोकळ्या रस्त्याकडे बघून एवढंच म्हणाला, "आता कशाला?" त्यानंतर तो त्या वाटेला पुन्हा आला नाही. पुढे काही वर्षांनी तो गेला. अंथरुणात, तेल लावून, हात तिच्या हातात. त्याची झेन्झीला काळजी नव्हती.

पण त्याच पहिल्या उन्हाळ्यात एक नवल घडलं. एक बाई सायकलवरून उतरली, फळी वाचली, हात जोडून उभी राहिली आणि ओठ हलवले. झेन्झी झाडामागून बघत होती. घरी येऊन तिने लेकीला सांगितलं, "हेडविग, कुणीतरी थांबलं गं!" आणि एप्रन तोंडाला लावून रडली. दुसऱ्या दिवसापासून तिची सुरई सुरू झाली.

हेडविगने त्याच सायकलींवर घर उभं केलं. गोठा झाडूनपुसून तिथे सायकली ठेवायची सोय केली, वरच्या खोल्या प्रवाशांना दिल्या. ऊब देणाऱ्या भट्टीभोवती रोज परक्यांचे ओले मोजे वाळत. न्याहारीला आलेले पाहुणे हसत सांगत, "कड्याखाली एक आजी भेटली, सरबत देते आणि प्रार्थना वसूल करते." हेडविग कॉफी ओतता ओतता म्हणे, "ती आजी माझीच आई. फुकटात सुटलात म्हणा. ख्रिसमसच्या सुमाराला भेटला असतात तर अख्खी जपमाळ पडली असती." लोक हसत. आईसमोर मात्र ती वेगळं बोलायची.

"आई, लोक सुट्टीला येतात. त्यांना मरणाची आठवण कशाला?"

"मी थांबवत नाही कुणाला. चढ थांबवतो."

"आणि तू पकडतेस."

"पकडते तर पकडते. मासे धरायला बसलेला माणूस तळ्याची माफी मागतो का?"

कडा मात्र म्हातारा होत होता. थंडीत फटींत पाणी गोठायचं, वसंतात सुटायचं, आणि दगड खाली यायचे. आधी मुठीएवढे, मग डोक्याएवढे. पंचायतीचा माणूस सकाळी फावड्याने ते तळ्यात ढकलून द्यायचा. एका वर्षी इंजिनियर आले, दोऱ्या लावून कड्यावर चढले, ठोकून बघितलं आणि सरपंच श्टाडलरला म्हणाले, कडा पोकळ झालाय. वळणाचा तुकडा बंद करा. पाण्यात खांब रोवून त्यावरून लाकडी फळ्यांची वाट न्या, वळणाला बाहेरून वळसा घालून.

खानावळीच्या मोठ्या दालनात गावसभा भरली. श्टाडलरने नकाशा भिंतीला टांगला. नवी वाट निळ्या रेघेने दाखवली होती, जुनं वळण लाल फुल्यांनी. झेन्झी मागच्या बाकावरून उठली. तिला सभेत बोलायची सवय नव्हती. तिने मिस्सेला जाताना घालायचा काळा झगा घातला होता.

"त्या लाल फुल्यांच्या आत माझा मुलगा आहे," ती म्हणाली.

सगळे खाली बघू लागले. श्टाडलर बेर्टलच्या वर्गातला. तो म्हणाला, "झेन्झीमावशी, फळी आपण उचलून आणू. नव्या वाटेच्या तोंडाशी चांगली उभी करू. मी स्वतः नवं छप्पर घालून देतो."

"तिथे तो मेला का?"

"नाही, पण—"

"मग खोट्या जागी लोकांना थांबवून त्यांच्याकडून प्रार्थना घेऊ? 'इथे पडला' म्हणून लिहिलंय. इथे. तुम्ही सगळे त्याच्या मातीला आला होतात. मोटारींच्या दिवसांत एक माणूस तिथे थांबत नव्हता, तेव्हा मी तुमच्यापैकी कुणाला बोलले नाही. आता लोक थांबतात. पोराला आता कुठे दोन घास मिळायला लागलेत, तर तुम्ही त्याच्या दाराला कुंपण घालता?"

हेडविग पहिल्या रांगेत बसली होती. पंचायतीत तीही होती, आणि नव्या वाटेच्या बाजूने मत द्यायचं तिने ठरवलं होतं. मतदानाच्या वेळी तिचा हात वर गेलाच नाही. श्टाडलरनेही नकाशा गुंडाळला. ठरलं ते असं: तूर्त सावधानतेचा फलक लावायचा, पुढचं पुढच्या वर्षी बघू. सभेतून बाहेर पडताना एक शेतकरी म्हणाला, "शाबास, झेन्झी. त्या खांबांचा खर्चही वाचला." तिला ते आवडलं नाही. घरी जाऊन तिने पवित्र मातेपुढे मेणबत्ती लावली.

फलक लागला. 'दगड कोसळतात. थांबू नका.' आणि त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर फळी म्हणत होती, 'वाटसरा, थांब क्षणभर.' या दोन पाट्यांच्या मधे झेन्झी बसलेली असे. फलकाकडे तिची पाठ होती.

जूनमधली सकाळ होती. आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला, कड्यावरून पाण्याचे धागे सुटलेले. हॉलंडचीच एक मुलगी, शाळेत शिकवणारी, एकटीच तळ्यातळ्याने प्रवास करत निघालेली. मारिट तिचं नाव. आदल्या दिवशी हेडविगकडेच उतरली होती, म्हणून तिला आजी माहीत होती. ती लांबूनच ओरडली, "आजी, सरबत तयार ठेवा! प्रार्थना मी रात्री पाठ केलीय!"

"खोटं बोलतेस."

"ऐका तर खरं!"

ती उतरली. सायकल बाकाला टेकवली. हेल्मेट काढून हँडलला अडकवलं. झेन्झीला तसं लागतं हे तिला कुणीतरी न्याहारीला सांगितलं होतं. फळीसमोर उभी राहिली, डोळे मिटले आणि मोडक्यातोडक्या उच्चारात खरंच म्हणू लागली. मधे अडली. झेन्झीने ओळ सुचवली. मुलगी हसली आणि नीट ऐकू यावं म्हणून एक पाऊल तिच्याकडे सरकली.

वरून आधी वाळू आली, साखर सांडल्यासारखी. मग आवाज झाला.

एक दगड सायकलीवर पडला. दुसरा, लहान, मुलीच्या खांद्यावर. ती मटकन खाली बसली आणि 'आई' म्हणाली, तिच्या भाषेत. पण तो शब्द कुणालाही कळतो. झेन्झीने तिला काखांत हात घालून वळणापलीकडे ओढत नेलं. सत्तरीतल्या बाईत एवढं बळ कुठून आलं, देव जाणे. मागे वळून बघितलं तर सायकल बाकाखाली दुमडून पडली होती, चाक पिळवटलेलं. आणि हँडलला अडकवलेलं ते हेल्मेट फुटलेल्या अंड्याच्या कवचासारखं सपाट झालं होतं.

फळीला ओरखडासुद्धा गेला नव्हता.

गावातले लोक म्हणाले, बघा, बेर्टलनेच वाचवलं तिला. एक पाऊल सरकवलं. झेन्झीला तसं वाटत नव्हतं. तिला दिसत होतं ते एवढंच, की मुलगी आपल्या वाटेने निघाली होती आणि तिला कुणी थांबवलं होतं, तर तिने.

मारिटचा खांदा आणि गळ्याखालचं हाड मोडलं. शहरातल्या इस्पितळात तिला ठेवलं. दोन दिवसांनी तिची आई आली. मुलीच्या पिशव्या घ्यायला ती हेडविगच्या घरी उतरली. साधी बाई, केस आखूड कापलेले, रात्रभर आगगाडीत बसून आलेली. हेडविगने तिच्यापुढे कॉफी आणि गरम ब्रेड ठेवला. झेन्झी भट्टीजवळ उभी होती. पुढे जावं की नाही, तिला कळत नव्हतं.

"तुम्हीच का त्या आजी?" त्या बाईने विचारलं.

"मीच."

"मारिटने सांगितलं, तुम्ही तिला ओढून बाहेर काढलंत." बाई आभार मानत होती. मनापासून मानत होती.

"मीच तिला थांबवलं," झेन्झी म्हणाली.

"ती म्हणते, ती आपणहून थांबली."

"डोक्यावरचं मीच काढायला लावते सगळ्यांना."

त्या बाईने कॉफीचा कप उचलला. हात इतके थरथरत होते की कप बशीवर वाजू लागला, कॉफी मेजावर सांडली. तिने कप खाली ठेवला, दोन्ही हात मांडीवर घेतले, एकात एक घट्ट धरले, तरी ते थरथरतच होते. ती झेन्झीकडे बघून कसनुशी हसली. "फोन आला तेव्हापासून हे असंच चाललंय," ती म्हणाली. "ती ठीक आहे, मी डोळ्यांनी बघून आले, तरी हात ऐकतच नाहीत."

झेन्झीला ते हात माहीत होते. ट्रकची बातमी घेऊन पोलीस दारात आला होता तेव्हापासून कितीतरी दिवस तिचे हात असेच होते. पीठ मळता यायचं नाही, जपमाळेचे मणी निसटायचे. ती मेजापाशी गेली, बाईशेजारी बसली आणि तिने ते दोन्ही हात आपल्या हातांत धरले. थरथर तिच्याही हातांत आली. दोघी तशाच बसून राहिल्या. हेडविग फडकं घेऊन आली आणि काही न पुसता परत गेली.

त्या रविवारी मिस्सा संपल्यावर सरपंच श्टाडलर चर्चच्या दारात टोपी हातात घेऊन उभा होता. झेन्झी सरळ त्याच्याकडे गेली.

"वाट बंद कर," ती म्हणाली.

"मावशी, सभेत मांडावं लागेल—"

"मांड. मी येते. मागच्या वेळी मीच अडवली होती ना? मग मीच सांगते."

हेडविग म्हणाली, "आई, फळी आणायची का मग इकडे? फादरनी होकार दिलाय."

"नाही."

"अगं पण तिथे आता कुणीच—"

"मला कळतंय तिथे कुणीच येणार नाही ते," झेन्झी म्हणाली. "फळी खोटं बोलणार नाही. आणि मी दुसऱ्याच्या पोराला तिथे उभं करणार नाही. ह्यातलं एकही सोडता येत नाही, मग काय करू सांग."

फादर लेओनहार्ड मागे उभे होते. पुन्हा तराजूचं काही बोलावं, असं त्यांच्या तोंडापर्यंत आलं असेल. पण त्यांनी नुसता झेन्झीच्या डोक्यावर हात ठेवला. घरी जाताना ती वाटेत एकदाच बोलली, "त्याला वाटेल, आई कंटाळली."

सभेत ती उभी राहिली आणि चार वाक्यांत बोलून खाली बसली. या वेळी हात सगळ्यांचे वर गेले. हेडविगचाही गेला, पण ती आईकडे बघू शकली नाही.

उन्हाळाभर वळण दोरी बांधून अडवलेलं होतं. सायकलवाले नावेने पलीकडे जात. पाण्यात खांब ठोकायचे आवाज दिवसभर येत आणि झेन्झी घरात बसून प्लमचा मुरंबा करत असे. सुरई तिने फडताळात वरच्या खणात ठेवून दिली. न्याहारीला कुणी पाहुणा विचारी, "इथे एक सरबतवाली आजी असते म्हणे?" तर ती ब्रेड कापता कापता म्हणे, "असायची." मारिटचं एक पत्रही आलं, खांदा जुळल्याचं. झेन्झीने ते हेडविगकडून दोनदा वाचून घेतलं आणि त्या रात्री नीट झोपली, असं हेडविग सांगते.

नवी वाट सप्टेंबरात उघडली. फार सुरेख झाली आहे, कुणीही नावं ठेवणार नाही. पायाखाली पाणी दिसतं, मासे दिसतात. चढ नाही, त्यामुळे कुणी दम खायला थांबत नाही. तिथून वळून कड्याकडे पाहिलं तर झाडांच्या मागे छपराचं टोक दिसतं, पण ते काय आहे हे कुणाला कळणार?

वळणाच्या दोन्ही तोंडांना लोखंडी कुंपण घालायचं काम शेवटचं राहिलं होतं. ते करायला सेनाद नावाचा कामगार आला. बोस्नियाचा, बरीच वर्षं याच भागात राबणारा, मिशा पांढऱ्या झालेल्या. पलीकडचं तोंड त्याने आदल्या दिवशी बंद केलं होतं. गावाकडच्या तोंडाला फाटक बसवत होता, तेव्हा झेन्झी चालत आली. हातात काही नव्हतं.

"आत जायचंय का, मावशी?" त्याने विचारलं. "मी थांबतो. कुलूप तुम्ही आल्यावर लावीन."

"नको."

"मग?"

"बघायला आले. तू तुझं काम कर."

तो काम करत राहिला. मग त्याचा एक पाना आत राहिलाय म्हणून तो आत गेला. बराच आत, बाकापर्यंत. पाना उचलून वळला, तर समोर फळी. त्याने वाचली. त्याला वाचायला वेळ लागला. मग त्याने मागे बघून विचारलं, "तुमचा?"

झेन्झीने मान डोलावली.

सेनादने पाना खाली ठेवला. हात पॅंटला पुसले. 'आमच्या बापा' त्याला येत नव्हती, ती त्याची नव्हतीच. त्याने दोन्ही तळवे छातीपुढे वर करून धरले, ओंजळीत पाणी घ्यावं तसे, आणि मान खाली घालून तो आपल्या पद्धतीची दुआ म्हणू लागला. ओठ हलत होते. पाणी दगडांवर वाजत होतं. झेन्झी फाटकाच्या बाहेर दोन्ही हातांनी गज धरून उभी होती. परका माणूस, हातातलं काम थांबवून, कुणी न सांगता. बेर्टलला यापेक्षा मोठं दान कधी मिळालं नसेल. आणि हे शेवटचं. तिला वाटत होतं, हा असाच म्हणत राहावा, संपूच नये.

तिची नजर वर गेली. कड्याच्या काळ्या फटींतून पाणी पाझरत होतं.

"पुरे," ती ओरडली. "पुरे झालं, बाबा! बाहेर ये!"

त्याने डोळे उघडले. "अजून संपली नाही, मावशी."

"असू दे. उरलेली इकडे येऊन म्हण. ये आधी. धावत ये."

तो पाना उचलून आला. फाटक ओढून घेतलं, कडी घातली, कुलूप लावलं, खेचून बघितलं. मग तिच्याशेजारी उभा राहिला, तळवे पुन्हा वर धरले आणि मधे सोडली होती तिथून पुढे म्हणू लागला. झेन्झी त्याची संपेपर्यंत थांबली. त्याने तळवे तोंडावरून फिरवले तेव्हा ती म्हणाली, "जेवलास का?"

"डबा आहे."

"डबा राहू दे. घरी चल. क्नोडल उकडायचे आहेत."

आणि ती गावाच्या दिशेने चालू लागली.